धानाच्या मुलखात गरम सँडविच

मुंबईहून हावड्याकडे निघालेली गाडी गोंदियाला थांबते तेव्हा जवळपास अर्धी वाट सरलेली असते. मुंबई मागे हजारेक किलोमीटर, हावडा पुढे हजारेक किलोमीटर. स्टेशनाबाहेर तांदळाच्या गिरण्या, विड्यांचे जुने कारखाने आणि गाव संपले की लगेच धानाच्या बांध्या. या जिल्ह्यात पीक म्हणजे धान आणि जेवण म्हणजे भात. अशा गावात एखाद्या रविवारी संध्याकाळी गॅसवर लांब दांड्यांचा टोस्टर चढतो. आत दोन स्लाइस, मधे दुपारचा उरलेला सुका खिमा आणि त्यावर किसलेले चीज. पोरे ताटल्या घेऊन ओट्याभोवती घुटमळत असतात.

या खाण्यातला खिमा सोडला तर बाकी काहीच इथले नाही. ब्रेड, चीज, टोस्टर आणि त्याखालचा गॅस, हे सगळे वेगवेगळ्या दशकांत आणि वेगवेगळ्या कारणांनी या मुलखात पोचले. बहुतेकांनी येताना एकेक भांडणही सोबत आणले. कधी धर्माचे, कधी गव्हाच्या राजकारणाचे, कधी कायद्याचे.

सँडविच हे नाव इंग्लंडच्या एका उमरावाचे. जॉन माँटेग्यू, सँडविचचा चौथा अर्ल, १७१८ ते १७९२ हा त्याचा काळ. एडवर्ड गिबन या इतिहासकाराच्या रोजनिशीत १७६२ साली हा शब्द खाण्याच्या अर्थाने आढळतो. पण ते सँडविच थंड मांसाचे. तव्यावर परतलेले मांस पावात भरून गरम गरम खाण्याची जी तऱ्हा जगभर गाजली ती अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाची. तिथे हॉट डॉग विकणाऱ्या पॅट ऑलिव्हिएरी याने १९३० च्या सुमारास खाटकाकडून आणलेले मांस कांद्याबरोबर परतून लांब पावात भरले. एका टॅक्सीवाल्याला वास आला, त्याने तेच मागितले आणि धंदा फिरला, असे सांगतात. चीज त्यात पुढच्या दशकात आले. म्हणजे ज्याला आज अस्सल म्हणतात तो पदार्थही एका दिवसात घडलेला नाही.

गोंदियात या गोष्टीचा आरंभ रेल्वेपासून करावा लागतो. १८७० च्या दशकातल्या दुष्काळानंतर छत्तीसगडचे धान्य बाहेर काढण्यासाठी नागपूर ते राजनांदगाव असा मीटर गेजचा फाटा टाकायचे ठरले. १८८० च्या दशकाच्या आरंभी तो चालू झाला. १८८७ मध्ये बेंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, तिने हा मार्ग घेऊन रुंद केला आणि १८९१ मध्ये नागपूर थेट आसनसोलला जोडले. मग १९०३ ते १९०५ या काळात गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरपर्यंत सातपुड्यातली छोटी लाईन गेली. १९०८ मध्ये दुसरी छोटी लाईन नागभीडला पोचली आणि ती पुढे चांद्यापर्यंत वाढली. धानाच्या बांध्यांमध्ये एक जंक्शन उभे राहिले.

रेल्वेबरोबर साहेबाचे खाणे आले. मोठ्या स्थानकांवर युरोपियनांसाठी उपाहारगृहे असत. त्यांत टोस्ट, अंडी, कटलेट, रोस्ट मिळे. फलाटावर पाण्याची आणि चहाची मात्र वाटणी होती, ‘हिंदू पाणी’ वेगळे आणि ‘मुसलमान पाणी’ वेगळे. इंजिन चालवणाऱ्या आणि गाडी सांभाळणाऱ्या अँग्लो-इंडियन कुटुंबांच्या स्वयंपाकघरांत कटलेट आणि मसालेदार रोस्ट यांची एक स्वतंत्र चवच तयार झाली. भोवतालच्या मराठी, पोवारी, गोंडी बोलणाऱ्या घरांपर्यंत त्यातले फारसे काही तेव्हा पोचले नाही. पोचले असते तरी उंबऱ्याच्या आत शिरले नसते.

कारण पाव हा साधा पदार्थ नव्हता. पोर्तुगिजांनी गोव्यात आणि वसईत पाव आणला आणि त्याबरोबर बाटण्याची भीती आली. मिशनऱ्यांनी विहिरीत पाव टाकला, नकळत ते पाणी प्यायलेला अख्खा गाव बाटला, या कथा कोकणात पिढ्यान् पिढ्या सांगितल्या गेल्या. गोव्यातल्या पोदेरांनी माडाच्या सुरीने पीठ आंबवून पाव भाजला. सूर म्हणजे ताडीसारखीच मादक वस्तू, त्यामुळे कर्मठ घरांच्या नाकाला तोही वास लागे. मैदा कोणी मळला, कोणत्या पाण्याने मळला, कोणाच्या भट्टीत भाजला, हे सगळेच प्रश्न होते.

या भीतीचे वजन किती होते ते पुण्यात दिसले. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे पुढे आली. रानडे, टिळक, गोखले अशी मंडळी तिथे होती. कोणी चहा घेतला, कोणी पेल्याला नुसता हात लावला. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, प्रायश्चित्ते झाली. पुण्यात बिस्किटावरून हा गोंधळ चालू होता त्याच सुमारास बेंगाल नागपूरचे रूळ गोंदियावरून कलकत्त्याच्या दिशेने पुढे सरकत होते आणि गाडीतल्या साहेबाला सकाळचा टोस्ट वेळेवर हवा होता.

पाव घरात शिरला तो औषधाच्या वाटेने. ताप आला, पोट बिघडले की डॉक्टर दूध-पाव सांगत. आजाऱ्याला सूट होती. मग बेकऱ्या आल्या आणि खारी, टोस, नानखटाई चहाबरोबर रुळली. गोंदियाला हिंदी मुलूख खेटून आहे, त्यामुळे पावाला इकडे डबलरोटी म्हणणारेही पुष्कळ. तरी जेवणाच्या ताटात पावाला जागा नव्हती. तिथे भात, वरण, भाजी आणि तलावातली मासळी. पीठ मळायचे झालेच तर तांदळाचे.

स्लाइस ब्रेड घरोघरी जायला सरकारी धोरण कारणीभूत झाले. अमेरिकेने १९५४ मध्ये पब्लिक लॉ ४८० हा कायदा केला आणि ऑगस्ट १९५६ मध्ये भारताने त्याखाली धान्याचा पहिला करार केला. गहू जहाजांनी येऊ लागला. १९६६ च्या टंचाईत तर परदेशातून सुमारे एक कोटी टन धान्य आले. हा गहू खपवायचा तर भातखाऊ मुलखालाही गव्हाची सवय लागायला हवी होती. १९६५ मध्ये मॉडर्न बेकरीज ही सरकारी कंपनी निघाली. तिच्या यंत्रांना परदेशी मदत मिळाली होती. तिच्या कारखान्यांतून मेणकागदात गुंडाळलेला, एकसारखा कापलेला ब्रेड शहराशहरांत पोचला. सरकार खुद्द पाव भाजते आहे म्हटल्यावर भट्टी कोणाची हा प्रश्न मागे पडला. २००० साली ही कंपनी हिंदुस्थान लिव्हरला विकली गेली.

याच काळात रेल्वेनेही खाणे आपल्या हातात घेतले. ओ. व्ही. अळगेशन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या शिफारशीनंतर १९५५ पासून रेल्वेच्या खात्याची स्वतःची उपाहारगृहे सुरू झाली. जुन्या उपाहारगृहातले मांसाचे कटलेट बटाटा, गाजर, बीट घालून शाकाहारी झाले आणि दोन स्लाइसबरोबर डब्यात फिरू लागले. ‘कटलेट, ब्रेड-कटलेट’ अशी आरोळी ऐकली नाही असा या मार्गावरचा प्रवासी सापडणे कठीण. दोन स्लाइसना लोणी लावायचे, मधे कटलेट चेपायचे आणि रुमालावर धरून खायचे. गोंदियाच्या अनेक घरांनी गरम सँडविच पहिल्यांदा खाल्ले ते बहुधा असे, खिडकीशी बसून.

चीजचा रस्ता आणखी वेगळा. दूध नासवणे अपशकुनी मानणाऱ्या घरात चीज कसे येणार? पनीर, छेना हे पूर्वेकडचे आणि उत्तरेकडचे पदार्थ. शिवाय परदेशी चीज म्हणजे वासराच्या जठरातले रेनेट, तेव्हा शाकाहारी माणसाला ते निषिद्धच. या दोन्ही अडचणींतून वाट निघाली ती गुजरातेत आणंदला. त्रिभुवनदास पटेलांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये खेडा जिल्ह्याचा दूध संघ उभा राहिला. पुढे वर्गीज कुरियन आले. त्यांचे सहकारी हरिचंद दलाया यांनी म्हशीच्या दुधाची भुकटी करून दाखवली. असे होऊच शकत नाही, असे परदेशी तज्ज्ञ सांगत होते. ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी नेहरूंच्या हस्ते त्या डेअरीचे उद्घाटन झाले. नंतर त्याच म्हशीच्या दुधाचे चीज आले, आणि रेनेट सूक्ष्मजीवांपासून मिळवलेले असल्याने शाकाहारी घरांचा आक्षेपही गळून पडला.

डब्यातले हे प्रक्रिया केलेले चीज सँडविचसाठी फार सोयीचे ठरले. पनीर आच लागली तरी वितळत नाही. उकळत्या दुधात आंबट घालून ते केलेले असते आणि त्यातली प्रथिने एकमेकांना घट्ट धरून बसतात. प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये खास क्षार घातलेले असतात. त्यांच्यामुळे तूप एकीकडे आणि गोळा दुसरीकडे असे न होता चीज सारखे पातळ होते आणि मधल्या सारणाला चिकटून दोन्ही स्लाइस धरून ठेवते. फ्रिज क्वचित असण्याच्या काळात डबाबंद चीज टिकेही. मुंबईच्या फुटपाथवरच्या सँडविचवाल्यांनी हिरवी चटणी, उकडलेला बटाटा, काकडी, कांदा यांवर किसलेल्या चीजचा डोंगर रचायला सुरुवात केली आणि ती चव सुट्टीत मुंबईला जाऊन आलेल्या पोरांबरोबर विदर्भात उतरली.

राहिला प्रश्न मांसाचा. फिलाडेल्फियाचा पदार्थ गोमांसाचा, आणि गोंदियात ते कधीच साधेपणाने मिळणारे नव्हते. त्यातही इथला कायदेशीर इतिहास मुंबईपेक्षा निराळा. १९५६ पर्यंत हा भाग आधी मध्य प्रांत आणि वऱ्हाडात आणि नंतर मध्य प्रदेशात होता. तिथे १९४९ साली पशुसंरक्षणाचा कायदा झाला आणि १९५१ व १९५६ च्या दुरुस्त्यांनी तो कडक होत गेला. बिहार, उत्तर प्रदेश यांच्या कायद्यांबरोबर त्यालाही सर्वोच्च न्यायालयात आव्हान मिळाले. एप्रिल १९५८ च्या निकालात न्यायालयाने गाय आणि वासरांच्या कत्तलीवरची पूर्ण बंदी मान्य केली, पण कामाला निरुपयोगी झालेल्या बैलांवरची सरसकट बंदी मान्य केली नाही. नंतर महाराष्ट्राचा स्वतःचा १९७६ चा कायदा आला. १९९५ मध्ये विधिमंडळाने त्यात दुरुस्ती करून बैल आणि वळू यांनाही संरक्षण दिले. त्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची संमती मिळाली ती वीस वर्षांनी, २०१५ मध्ये. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, मात्र राज्याबाहेर कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले.

म्हैस आणि रेडा या बंदीच्या बाहेर राहिले. त्यामुळे ज्याला मुसलमान वस्तीतल्या दुकानात ‘बडे का’ म्हणतात ते मांस कायद्याने म्हशीचेच. त्यातला सर्वांत मऊ भाग म्हणजे अंडरकट, पाठीच्या कण्याखालची लांब पट्टी. स्टेकच्या नावाने महाराष्ट्रातल्या हॉटेलांत बहुधा तोच येतो. इथे एक गंमत लक्षात येते. या राज्यात मांस-चीजचे सँडविच केले तर त्यातले मांस म्हशीचे आणि चीजमध्येही म्हशीच्या दुधाचा मोठा वाटा. आणि झाडीपट्टीत, म्हणजे या पूर्व विदर्भात, म्हैस परकी नाही. तलवारीसारख्या मागे वळलेल्या शिंगांची नागपुरी म्हैस ही विदर्भाचीच जात. तिचा नर, इकडचा हल्या, ओढकामाला दणकट. चिखलात बैल रुततो तिथे हल्या नांगर ओढतो. रोवणीच्या दिवसांत बांधीत राबणारे जनावर ताटात घ्यायला इथली बहुतेक शेतकरी घरे आजही तयार नसतात, त्याला कायद्याची गरज पडत नाही.

पण याच जिल्ह्यात एक वस्ती अशी आहे जिथे पिठात भरलेले गरम मांस हा घरचा, रोजच्या ओळखीचा पदार्थ आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगाव-प्रतापगड भागात नॉर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत १९७२ मध्ये वसली. १९५९ मध्ये दलाई लामांपाठोपाठ जे लोक हिमालय ओलांडून आले, त्यांना केंद्र सरकारने निरनिराळ्या राज्यांत जमिनी दिल्या. त्यातली महाराष्ट्राच्या वाट्याची ही वसाहत. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तरी तिबेटी व्यवहारात वसाहतीला अजून भंडाऱ्याचेच नाव चिकटलेले आहे.

थंड पठारावरून आलेल्या या माणसांना तलावांच्या, घामाच्या, पावसावर अवलंबून असलेल्या शेतीच्या मुलखात राहायचे होते. शेती केली, आणि थंडीत शहरोशहरी फिरून स्वेटर विकले. हिवाळ्यात महाराष्ट्रातल्या शहरांत रस्त्याकडेला स्वेटरांची जी तिबेटी दुकाने लागतात त्यांमागे अशा वसाहतींची घरे आहेत. खाण्यात त्यांनी मोमो, थुक्पा आणि शाबाले सोबत आणले. शाबालेसाठी मैद्याची जाड पारी लाटतात. बारीक कापलेल्या मांसात कांदा, आले, मीठ घालून ते कच्चेच पारीत भरतात, पारी अर्धगोल दुमडतात, कडेला नक्षीदार मुरड घालतात आणि तळतात. बघणाऱ्या मराठी माणसाला ती करंजीच वाटावी, फक्त चावल्यावर आतून गरम रस हनुवटीवर येतो. तिबेटात हे याकच्या किंवा गाईच्या मांसाचे. महाराष्ट्रात ते म्हशीचे, कोंबडीचे, आणि ज्यांनी मांस सोडले त्यांच्याकडे भाजीचे. चीज तिबेटी घरांना नवे नाही, याक-गाईच्या दुधाचे वाळवलेले छुर्पी त्यांच्या ओळखीचे. म्हणजे गरम पीठ, मांस आणि चीज ही तिन्ही एकत्र जाणणारे लोक गोंदिया जिल्ह्यात पन्नास वर्षांहून अधिक काळ राहत आहेत, आणि त्यांचा फिलाडेल्फियाशी काही संबंध नाही.

मराठी घरात मात्र हे जुळून यायला शेवटची एक गोष्ट उरली होती, ती म्हणजे आच. चुलीवर पाव भाजता येतो, पण धूर आणि राख त्याला लागते. ओव्हन तर इथल्या बहुतेक घरांत नव्हता. १९५५ मध्ये बर्मा शेलने मुंबईत बर्शेनचे सिलिंडर आणले. २२ ऑक्टोबर १९६५ रोजी कलकत्त्यात इंडेनची पहिली जोडणी झाली. छोट्या शहरांत गॅस यायला आणखी वर्षे गेली आणि खेड्यांतल्या अनेक घरांत तो २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतरच पोचला. निळी, धूर नसलेली, हवी तशी कमी-जास्त होणारी ज्योत हाताशी आल्यावर ॲल्युमिनियमच्या दोन पाळ्यांचा आणि लांब दांड्यांचा टोस्टर घरी वापरण्याजोगा झाला. अशा बंद होणाऱ्या साच्याचे पेटंट ऑस्ट्रेलियात अर्नेस्ट स्मिदर्स याने १९४९ मध्ये घेतले होते, आणि तिकडे त्यातल्या सँडविचला जॅफल म्हणतात. आपल्याकडे तो भांड्यांच्या दुकानात इडलीपात्राशेजारी टांगलेला असतो.

घरची कृती आता पक्की झाली आहे. खिमा आधी सुका करून घ्यायचा. आले, लसूण, हिरवी मिरची, थोडा काळा मसाला घालून तेल सुटेपर्यंत परतायचा, कारण जरा जरी रस राहिला तर ब्रेड आतून भिजतो आणि पलटताना फाटतो. अंडरकट मिळाले तर ते फ्रीजरमध्ये अर्धवट घट्ट करायचे, मग धारदार सुरीने रेषांच्या आडवे पातळ काप निघतात. कापांना कच्च्या पपईचा गर चोळून तासभर ठेवला की मांस नरम पडते. तापलेल्या तव्यावर आधी कांदा उभा चिरून लालसर करायचा, मग काप टाकून मोठ्या आचेवर परतायचे आणि उलथन्याच्या कडेने तिथेच तोडायचे. फिलाडेल्फियातला आचारी याहून वेगळे काही करत नाही. कोंबडीचे उकडलेले मांस हाताने सोडवून घेतले तरी चालते, आणि बहुतेक घरांत तेच असते.

लोणी स्लाइसच्या बाहेरच्या अंगाला लावायचे, आतल्या नव्हे. चीज सारणाच्या खाली आणि वर दोन्हीकडे पसरायचे म्हणजे दोन्ही स्लाइस धरून राहतात. साचा मिटून कडी अडकवायची. मंद आचेवर एक बाजू, मग पलटून दुसरी. मधेच उघडून पाहण्याचा मोह आवरायचा. कडा चेपल्या गेल्या की बाहेर येणारे चीज करपून जाळीसारखे कुरकुरीत होते आणि त्यावरून भावंडांत भांडण लागते.

श्रावण लागला की याच साच्यात बटाटा, मटार, हिरवी चटणी जाते. काही घरांत मात्र तोच साचा वापरत नाहीत. आजीच्या उपासतापासांचा आणि सोवळ्याचा मान राखायला भांड्यांच्या फळीवर दोन टोस्टर असतात. एकाच्या दांड्याला ओळखू यावी म्हणून लाल दोरी बांधलेली असते, आणि तो खिम्याचा.